ओल्यावर बसवलेला दात

सांगलीतल्या एका दातांच्या दवाखान्यात विजयमाला सहा वर्षं मदतनीस होती. शिक्षण जेमतेम अकरावी, पण डॉक्टरांना पुढं काय लागणार हे तिला त्यांच्याआधी कळायचं. १९७७ च्या श्रावणात तिनंच मोहिद्दीनचाचांना तिथं नेलं. चाचा तिच्या गल्लीतले, बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवणारे. खंडाळ्याजवळ घाट उतरताना एसटीनं करकचून ब्रेक मारला, पुढच्या सीटच्या दांडीवर तोंड आपटलं आणि वरचा पुढचा दात अर्धा तुटला. क्लॅरिनेट त्याच दाताला टेकवून धरायची असते. सूर फाटायला लागला.

"चाचा, आमच्याकडं नवा मसाला आलाय. दाताच्या रंगाचा. कुणाला कळनार सुदिक न्हाई," ती म्हणाली होती.

ह्या मसाल्याचं पथ्य एकच होतं. दाताला आधी आम्ल लावायचं, धुवायचं, वारा मारून वाळवायचं. दात चुन्यासारखा पांढरा पडला की मसाला त्याला घट्ट धरतो. पण मधेच थुंकीचा थेंब जरी लागला तरी सगळं पहिल्यापासून करायचं. हे डॉक्टरांनीच तिच्याकडून घोकून घेतलं होतं.

त्या दिवशी डॉक्टरांना साताऱ्याला जायचं होतं. तिथं दुसऱ्या दिवशी दंतवैद्यांपुढं ह्याच मसाल्यावर त्यांचं भाषण होतं आणि चाचांच्या दाताचा फोटो दाखवायचा होता. गाडी दारात उभी होती, फोटोवाला बाकड्यावर बसला होता. चाचांचा दात छान पांढरा पडला आणि नेमकी वीज गेली. थुंकी ओढणारं यंत्र घरघरत थांबलं. विजयमालानं ओठाखाली कापूस दाबून धरला, तोवर चाचांना ठसका लागला आणि पांढऱ्या दातावर एकदम चमक आली.

"डॉक्टर, ओलं झालं."

"पूस."

"पण परत आम्ल लावायला..."

"डॉक्टर मी आहे का तू?"

तिनं कापसानं पुसलं. डॉक्टरांनी मसाला बसवला, हातानंच घासून गुळगुळीत केला. आरशात बघून चाचांच्या डोळ्यांत पाणी आलं. त्यांनी डॉक्टरांचे हात धरले. विजयमाला हत्यारं उकळायला आत निघून गेली.

दिवाळीला दाताच्या कडेनं तपकिरी रेघ दिसायला लागली. "चहाचा डाग आहे," डॉक्टर म्हणाले. मग गार पाणी झोंबायला लागलं. मार्गशीर्षात रहिमतपूरला वरातीत वाजवता वाजवता तुकडा निखळला, क्लॅरिनेट किंचाळली आणि नवरदेवाचे मित्र पोट धरून हसले.

"सुपारी फोडली असणार तुम्ही," डॉक्टर म्हणाले.

"आवं डॉक्टर, जन्मात सुपारीला शिवलो न्हाई मी!"

"विजयमाला, कार्डावर लिही. पेशंटनं कठीण पदार्थ चावला."

तिनं लिहिलं. अक्षर नेहमीसारखंच आलं, ह्याचंच तिला पुढं कितीतरी दिवस नवल वाटत राहिलं.

फटीतून ओल आत मुरली होती. मुळाशी पू झाला होता. दात काढावा लागला.

बँडच्या मालकानं चाचांच्या हातात झांजा दिल्या आणि त्यांना मागच्या रांगेत धाडलं. ते कळलं तेव्हा विजयमाला त्यांच्या घरी गेली. उंबऱ्यातच उभी राहून तिनं सगळं सांगितलं. चाचांची बायको अख्तरबी तांदूळ निवडत होती, तिचा हात थांबला.

"तवा का न्हाई बोललीस?" चाचांनी विचारलं.

"बोलले की. तुमच्यासमोरच."

"डॉक्टरला बोललीस. मला न्हाई. मी तोंड वासून पडल्यालो, ओलं म्हंजी काय ते मला काय ठावं? नुसतं 'चाचा, हे टिकायचं न्हाई' म्हनाली असतीस, तर परत करा म्हनून हटून बसलो असतो."

"माझी नोकरी गेली असती, चाचा."

"व्हय," चाचा म्हणाले. रिकाम्या हिरडीवरून त्यांनी जीभ फिरवली. "ती ऱ्हायली, बरं झालं."

त्यांनी आवाज चढवला असता तर तिला सोसलं असतं. अख्तरबीनं सूप उचललं आणि ती आत गेली. चहा आलाच नाही.

विजयमाला दुसऱ्या दिवशी वेळेवर कामावर गेली. पुढंही जात राहिली. गल्लीतल्या कुणाचा दात दुखला, तर मात्र ती मिरजेच्या डॉक्टरांचा पत्ता सांगायची. का, असं कुणी विचारलं नाही. चाचांनी सगळ्यांना सांगितलं असेल, किंवा कुणालाच नसेल. त्यांना विचारायचं धाडस तिला झालं नाही.