बसवून बघा, उतरवून बघा

मित्रांनो, वय विचारू नका, पण मी जुनी गाडी आहे हे तुमच्यापासून लपवण्यात अर्थ नाही. माझा मूळ रंग राखाडी. आता उन्हानं विटून तो कुठला झालाय, ते मलाही सांगता येत नाही.

कारखान्यातून मी बाहेर पडले तेव्हा मला वाटलं होतं, एखादा ऐटबाज साहेब मला घेईल. झालं भलतंच! मला घेतलं गाडी शिकवणाऱ्या मास्तरांनी. पुढची कितीतरी वर्षं गावातल्या प्रत्येक नवशिक्यानं माझ्या क्लचवर पाय साफ करून घेतला. कुणी ब्रेक समजून ॲक्सिलरेटर दाबला, कुणी मला थेट न्हाव्याच्या दुकानात नेलं. मास्तर मात्र जिवाला जपणारा माणूस. माझं ऑइल बदलायची वेळ त्यांनी कधी चुकवली नाही. कुठून बारीकसा आवाज आला तरी म्हणायचे, "थांबा, हिला काहीतरी होतंय." असं विचारणारं माणूस मिळायला भाग्य लागतं हो!

मास्तर थकले, गाडी शिकवायची त्यांची शाळा बंद झाली आणि मी आले पॉलिशशेठच्या आवारात. जुन्या गाड्या विकणं हा त्याचा धंदा, आणि सगळं चकचकीत करून ठेवणं हा त्याचा स्वभाव. मला मात्र कितीही घासलं तरी चकाकी येईना. शेवटी तो वैतागून म्हणाला, "या रविवारी गेली तर गेली, नाहीतर सोमवारी भंगारात." माझ्या तर टाकीतलं पेट्रोलच गोठलं.

रविवारी एक कुटुंब आलं. बेकरीवाला, त्याची बायको आणि त्याची थोरली बहीण. बायको दवाखान्यात नर्स होती. बहिणीला दोघंही ताई म्हणत. ताईंच्या गुडघ्यांनी दावा मांडला होता. बसमध्ये चढता येत नाही म्हणून त्यांचं घराबाहेर पडणंच सुटलं होतं. गावाच्या पलीकडे राहणाऱ्या मैत्रिणीशी बोलणं तेवढं फोनवर. गाडी घ्यायची ती त्यांच्यासाठी, असं घरात ठरलं होतं.

ठरलं होतं खरं, पण बेकरीवाल्याची नजर पडली लालबाईवर! माझ्या शेजारी ती लाल, बुटकी, नखरेल गाडी उभी होती. बेकरीवाला पाव भाजला की नाही हे टिचकी मारून ओळखायचा. त्यानं लालबाईच्या दारावर टिचकी मारली आणि डोळे मिटून म्हणाला, "वा! अगदी खुसखुशीत."

"अहो, गाडी बघताय की बिस्किट?" बायको म्हणाली. "ताईंना आधी बसू दे."

ताई बसल्या. बसल्या म्हणजे काय, धपकन आत गेल्या. गुडघे हनुवटीला टेकले. उतरायला गेल्या तर जमेना. बेकरीवाला हात धरून ओढू लागला. पॉलिशशेठ पलीकडच्या दारातून मदतीला वाकला तशा ताई कडाडल्या, "हात लावलास तर याद राख!" अखेर त्या रांगत बाहेर आल्या. साडी झटकत हसल्या, पण डोळे भरले होते.

"तुम्ही दोघं फिरा हिच्यातून," त्या म्हणाल्या. "मी आपली घरी बरी."

बेकरीवाल्याचं तोंड एवढंसं झालं. मला इतकं वाईट वाटलं की भंगारवाल्याचाही विसर पडला.

तेवढ्यात नर्सबाई माझ्याकडे आल्या. माझी सीट खुर्चीएवढी उंच. ताई सहज टेकल्या, पाय आत घेतले, पुन्हा बाहेर काढले आणि उभ्या राहिल्या. पुन्हा बसल्या, पुन्हा उठल्या. लहान मुलीसारखा खेळच लावला त्यांनी! बेकरीवाल्यानं कौतुकानं माझं दार बंद केलं आणि हँडल त्याच्या हातात आलं. मेले मी लाजेनं!

"ते मुद्दाम तसं ठेवलंय," पॉलिशशेठ घाईघाईनं म्हणाला, "धुवायला सोपं पडतं."

नर्सबाई हसल्या नाहीत. "नवीन हँडल कुठे मिळेल?"

"कुठंही. कोपऱ्यावरच्या गॅरेजात."

"आणि त्या लाल गाडीचा दिवा फुटला तर?"

पॉलिशशेठनं कान खाजवला. "तो लांबून मागवावा लागतो. महिने लागतात. महागही आहे जरा."

"आणि तोवर?"

"तोवर दिवसा चालवायची."

"इंजेक्शन एकदाच दुखतं, ते सोसता येतं," नर्सबाई नवऱ्याला म्हणाल्या. "दर महिन्याला दुखत राहणार असेल तर मला नको."

"अगं, पण लोक म्हणतील, बेकरीवाल्यानं शिळा माल उचलला!"

"शिळ्या पावाचे टोस्ट करून तूच चढ्या भावानं विकतोस ना?" ताई आतूनच म्हणाल्या.

मग दोन्ही गाड्या चालवून बघायचं ठरलं. बेकरीवाल्यानं कित्येक वर्षांत चाक हातात धरलं नव्हतं. लालबाई त्याच्या पायाखाली फाटकापर्यंत तीनदा बंद पडली. मग माझ्यात बसला. क्लच असा सोडला की दुसरी कुणी असती तर तिनं बसकणच मारली असती. पण मित्रांनो, मी मास्तरांच्या हाताखालची! असले धक्के मी रोज नाश्त्याला खाल्लेले. नुसती थरथरले आणि निघाले. चढावर तर त्यानं चुकीचा गियर टाकला, तरी मी दात ओठ खात वर गेले.

"अरेच्चा," तो म्हणाला, "मला येतंय की!"

येत काही नव्हतं. मी सांभाळून घेत होते. पण सोमवार टळत असेल तर मी कशाला बोलू?

सौदा झाला, मला नवं हँडल लागलं आणि पुढच्या रविवारी ताईंना घेऊन आम्ही त्यांच्या मैत्रिणीच्या दारात थांबलो. बेकरीवाला हात द्यायला धावला. "तू राहू दे," ताई म्हणाल्या. स्वतः दार उघडलं, दोन्ही पाय जमिनीवर टेकवले आणि कुणाचाही हात न धरता उभ्या राहिल्या. मैत्रीण काठी टेकत बाहेर आली. दोघी एकमेकींकडे बघून आधी रडल्या, मग भांडल्या, "एवढे दिवस आली का नाहीस?" म्हणून. मैत्रिणीचे गुडघेही तसलेच. ताईंनी तिला माझ्यात बसवलं, स्वतः शेजारी बसल्या आणि भावाला म्हणाल्या, "चल."

"आता आणखी कुठे?"

"कुठेही ने. उतरता येतंय ना, मग उतरायची घाई कुणाला आहे?"

तर मित्रांनो, आमचं ऑइल वेळेवर बदला, आमची कुरकुर दुखणं वाढायच्या आत ऐका. आणि गाडी घ्यायला जाल तेव्हा घरातल्या सगळ्यात सावकाश चालणाऱ्या माणसाला सोबत न्या. त्याला आत बसवून बघा. आणि मुख्य म्हणजे, उतरवून बघा.