घोडेवाला मानसिंग

मल्लेश्वरम भागातल्या घरी दर रविवारी दुपारी वल्लरीच्या टेबलाभोवती नऊ जण जमत. खेळ बोलण्याचा होता. प्रत्येकाने एकेक पात्र व्हायचं, काय करणार ते सांगायचं, फासे टाकायचे. गोष्ट पुढे नेणारी वल्लरी. एवढी माणसं म्हणजे पाळी उशिरा येते, तोवर मोबाइल बाहेर निघतात. पण तिला ती काळजी कधी पडली नाही, कारण त्या नवांत तिचा धाकटा भाऊ सुमंत होता. त्याचा मानसिंग नावाचा घोड्यांचा व्यापारी अशा थापा मारायचा, की दुसऱ्याच्या पाळीतही सगळे सुमंतच्याच तोंडाकडे बघत बसत.

मग सुमंतची जीभ जड होऊ लागली. आजार स्नायूंचा होता. बोलणं आधी जाईल, असं डॉक्टरांनी सांगितलं.

एका वाक्याला त्याला इतका वेळ लागू लागला, की खेळातून सगळ्यांचं लक्ष उडालं. सौम्या खिडकीबाहेर बघे, ईशान फोनवर असे. वल्लरीने दोन गट पाडले, कुणाला नकाशा काढायला दिला, कुणाला गावकऱ्यांची सोंगं दिली, आणि प्रत्येक पाळीसाठी मिनिटभराचं वाळूचं घड्याळ आणलं. खेळ पुन्हा रंगला. सुमंतची वाळू मात्र अर्ध्या वाक्यातच संपायची. त्याचा कॉलेजातला मित्र रघुनंदन मायेने म्हणाला, "तुझ्या वतीने मी सांगू का?" सुमंतने नकारार्थी मान हलवली.

त्या संध्याकाळी तो म्हणाला, "अक्का... मानसिंग रघूलाच देऊन टाक."

"घड्याळ काढून टाकते. तू ये, लागेल तेवढा वेळ घे."

पुढच्या रविवारी तिने सगळ्यांना आधीच सांगून ठेवलं होतं. फोन पिशव्यांत गेले. मानसिंगला किल्लेदाराच्या गळ्यात एक लंगडी घोडी मारायची होती. सुमंत एकेक शब्द ओढून काढत होता. कुणी हललं नाही.

"ही घोडी... लंगडत नाही, सरकार. ती..."

तो श्वास घ्यायला थांबला आणि सगळे हसले. खळखळून, प्रेमाने. विनोद अजून यायचाच होता.

सुमंतने सगळ्यांकडे पाहिलं. तोही जरासा हसला. मग फासे वल्लरीपुढे सरकवून कानडीत "सरी", म्हणजे ठीक आहे, म्हणाला आणि भिंतीला धरत आत गेला.

वल्लरी मागोमाग गेली. "मी खेळच बंद करते."

"नको. इथे... ऐकू येतं."

"ती घोडी काय करत होती रे?"

त्याने तोंड उघडलं, बराच वेळ प्रयत्न केला आणि शेवटी नुसता हात हलवला.

दसऱ्यानंतर त्याचा आवाज गेला. आता रविवारी आठ जण येतात. रघुनंदनने मानसिंग घेतला नाही. पाळी रेंगाळते, फोन निघतात. वल्लरी कुणावर रागावत नाही. ती फक्त मोठ्याने बोलते, आतल्या खोलीत पोहोचेल इतक्या मोठ्याने, आणि मध्येच थांबून कानोसा घेते. तो जागा आहे की झोपलाय, ते कळत नाही. मग ती पुढच्याकडे वळते. "सांग, तू काय करतोस?"