पोटावरची पाण्याची रेघ

मी लाकडाची मासोळी बोलतेय. नीट ऐका, कारण तोंड मला नुसतं रंगाने काढून दिलंय, ते रोज उघडत नाही.

मी तुमच्या मधल्या बोटाएवढी. पाठ हिरवी, पोट पांढरं. डोळे दोन होते, आता एकच आहे. पोटाखाली एक आणि शेपटीला एक, असे तीन-तीन नख्यांचे दोन गळ मला लटकलेले असतात. माझं काम पाण्यावर. बुडायचं नाही. मासे धरायच्या काठीचा एक झटका बसला की डावीकडे वळायचं, दुसरा बसला की उजवीकडे. लागलेल्या, लंगड्या पिल्लासारखं पाण्यावर डुगडुगत चालायचं. खाली बास बसलेला असतो. मोठ्या तोंडाचा मासा, आणि राग तोंडाहून मोठा. त्याला माझं चालणं सहन होत नाही. तो पाणी फोडून वर येतो आणि मला तोंडात घेतो. तिथे माझं काम संपलं. पुढचं काम गळांचं.

हेच माणसं विसरतात. मला दुकानातून, जत्थ्याने येणाऱ्या हौशी लोकांच्या पेट्यांतून पुष्कळ बहिणी भेटल्या. सगळ्यांचं रडगाणं एकच. धनी रंग बघतो, डोळे बघतो, शेपटी बघतो. गळाकडे मासा सुटल्यावर बघतो.

मला घडवलं तलावाकाठच्या एका नावाड्याने. दाराच्या चौकटीचा उरलेला तुकडा होता, त्यातून. आठ दिवस तो मला काचकागदाने घासत होता. त्याची धाकटी मुलगी समोर बसून बघायची. चार भावंडांत लहान म्हणून तिला बारकी म्हणत. आज ती सेहेचाळीस वर्षांची आहे, दारात उभी राहिली तर उजेड आत यायला जागा मागतो, तरी नाव बारकीच.

वीस वर्षं मी त्या नावाड्याच्या काठीला होते. मासे धरायला बाहेरून लोक यायचे, त्यांना तो होडीतून फिरवायचा. त्याच्या छातीवर पितळेचा बिल्ला होता. बिल्ला नसेल त्याने या तलावावर गिऱ्हाईक न्यायचं नाही, असा नावाड्यांचा कायदा. तो गेला तेव्हा बिल्ला कचेरीत जमा झाला. होडी काठावर पालथी पडली. मी डब्यात गेले.

बारकीची शाळा चौथीत सुटली होती. तेव्हापासून ती धक्क्यावर जाळी विणायची. तलावाच्या पोटातलं प्रत्येक बुडालेलं खोड तिला पाठ. बाप गेल्यावर महिन्याने ती कचेरीत गेली आणि म्हणाली, "बिल्ला मला द्या."

नावाड्यांचा मुकादम हसला. "बारके, तू जाळी विण. पाणी म्हणजे पुरुषांचं काम."

"तुमच्या घरी पाणी कोण भरतं?"

"बायको."

"मग पाणी पुरुषांचं कधीपासून झालं?"

कचेरीतले बाकीचे खाली बघून हसले. बिल्ला मागेल त्याची परीक्षा घ्यायची अशी रीत, ती मुकादमाला नाकारता येईना. परीक्षा अशी : वर्षातून एकदा, पहाटे तलावात जायचं. तळाला वेली माजलेल्या, म्हणून पाण्यावरच्या मासोळीनेच मासा धरायचा. ऊन काठावरच्या पंपघराच्या पत्र्यावर चढायच्या आत एक बास आणायचा. मोजायच्या फळीवर तांबडी रेघ आहे, शेपटी त्या रेघेला पोचली पाहिजे. आणि मासा जिवंत परत सोडायचा. संधी तीन. तिसऱ्यांदा हुकलं की बिल्ला कायमचा गेला, आणि धक्क्यावरची होडीची जागाही दुसऱ्याला.

पहिल्या वर्षी बारकीने मला डब्यातून काढलं, पुसलं, नवा रंग दिला. डोळ्यांत लुकलुकता ठिपका दिला. मी नवरीसारखी दिसत होते. गळ मात्र तेच, बापाच्या हातचे, गंजलेले. तिला ते बदलवेनात. "बाबांनी लावलेत," म्हणाली. मला ओरडावंसं वाटलं, अगं, प्रेम बापावर कर, गंजावर काय करतेस! पण तोंड रंगाचं.

मासा आला. चांगला हातभर होता. त्याने मला तोंडात घेतलं, मान झटकली, आणि पोटाखालच्या गळाची नखी काडीसारखी मोडली. शेपटीचा गळ बोथट, तो रुतलाच नाही. मी रिकामी वर आले. मुकादम मागच्या होडीत बसला होता. म्हणाला, "मासा तुझ्यापेक्षा हुशार निघाला, बारके."

बारकीने वल्हं उचललं. ती बोलत नाही तेव्हा समजावं, काहीतरी चुकीचं करणार आहे.

तिने केलं. दुसऱ्या वर्षी दुकानात जाऊन सगळ्यांत जाड गळ मागितले. दुकानदाराने सांगितलं, "अहो बाई, हे समुद्रातल्या माशाला लावतात."

"मग तर उत्तमच. मोडणार नाहीत ना?"

"मोडणार नाहीत, पण..."

"तुमचं ‘पण’ घरी ठेवा. गळ द्या."

भीतीने निवडलेली वस्तू अशीच असते, जाड. ते गळ माझ्या पोटाला लागले आणि माझं चालणंच संपलं. शेपटी खाली, तोंड वर, पाण्यात मी बुडत्या चपलेसारखी. झटका बसला की वळायच्या ऐवजी नुसती मान हलायची. वर ते गळ एवढे मोठे, की पुढचा मागच्याला जाऊन गुंतला आणि दोघं एकमेकांना कवटाळून बसले. बारकीने तीनशे वेळा मला फेकलं असेल. एकही मासा वर आला नाही. आला नाही म्हणजे, खालून एकाने पाहिलं मला. पाहून निघून गेला. माशाने तोंड फिरवणं काय असतं ते मला विचारा.

ऊन पत्र्यावर चढलं. मुकादम या वेळी हसला नाही, नुसता म्हणाला, "एक राहिली." ते हसण्यापेक्षा वाईट होतं.

घरी येऊन तिने मला भिंतीवर मारलं. माझा डावा डोळा तेव्हा गेला. मग खिळ्यांच्या डब्यात टाकलं. खिळ्यांना स्वभाव नसतो, बोलायला काही नसतं. सात महिने मी तिथे पडून होते. बाहेरून तिचा आवाज यायचा. जाळी विणताना लोकांशी भांडायची, पण भांडणातला जीव गेला होता.

मग एका सकाळी तिच्या नवऱ्याला खिळा हवा होता. तो गाड्या दुरुस्त करतो, सावकाश बोलणारा माणूस, बायकोच्या दहा शब्दांना एक देतो. त्याच्या हाताला मी लागले. बोटाला गळ टोचला, त्याने हात झटकला, आणि मी शेजारच्या धुण्याच्या बादलीत पडले.

"अगं," तो बोट चोखत म्हणाला, "ही बुडतेय."

"बुडू दे. माझ्यासारखीच आहे."

"तसं नाही. बाबांची ही आडवी तरंगायची. आता उभी आहे."

बारकी कपडे पिळता पिळता थांबली. हातातला ओला सदरा तसाच. बादलीजवळ बसली. मला बाहेर काढून उलटी केली आणि पहिल्यांदा, दोन वर्षांत पहिल्यांदा, माझं पोट बघितलं.

तिने दिलेला रंग तोवर खरवडून गेला होता. खाली जुना पांढरा दिसत होता, आणि त्यावर एक बारीक तपकिरी रेघ. वीस वर्षं तलावाचं पाणी माझ्या पोटाला जिथपर्यंत टेकायचं, तिथे पाण्यानेच काढलेली. टाकीच्या आत पाण्याचा डाग उरतो ना, तशी. म्हाताऱ्याने काही लिहून ठेवलं नव्हतं, त्याला लिहिता येतच नव्हतं. पाण्याने लिहून ठेवलं होतं.

तिने पक्कड घेऊन जाड गळ काढले आणि मला उघडी सोडली. मी एवढी वर आले की रेघ पाण्याच्या वर सूतभर राहिली. जाड गळ परत लावले. रेघ पाण्यात, अर्धं डोकंही पाण्यात.

"म्हणजे वजन मधलं पाहिजे," ती म्हणाली. "पाणी रेघेला लागलं पाहिजे."

"हं," नवरा म्हणाला, आणि खिळा घेऊन गेला.

दुसऱ्या दिवशी बारकी दुकानात गेली ती बादली घेऊन. भरलेली. दुकानाच्या पायरीवर बैठक मारली आणि म्हणाली, "तीन नख्यांचे गळ, आहेत तेवढे सगळे काढा. एक एक लावून बघणार."

दुकानदाराने कपाळाला हात लावला. "बाई, गळ निवडतेस का जावई?"

"जावई वाकला तर मुलगी सरळ करते. गळ वाकला तर मासा जातो. काढा."

काय सांगू त्या दिवसाचं सुख! वीस वर्षं मी माशांच्या तोंडात गेले, पण माझ्यासाठी एवढा वेळ कोणी बसलं नव्हतं. पाकिटावरचा नंबर सारखा असला तरी गळ सारखा नसतो, हे तिला तिसऱ्या पाकिटातच कळलं. एका कंपनीचा चार नंबर कानातल्या रिंगेसारखा नाजूक, दुसऱ्याचा चार नंबर दाराच्या कोयंड्यासारखा. "नंबर बघून घेणारे तुमच्याकडे रोज येत असतील," ती म्हणाली. दुकानदाराने पुढचं पाकीट फोडलं.

नाजूक गळ लावला तर मी छान तरंगले. पण तिने तो दाराच्या कडीला अडकवून त्याला पाण्याची बादली टांगली, आणि गळाने जांभई दिल्यासारखं तोंड उघडलं. तो बाद. लांब दांडीचा एक लावला, तर पुढचा मागच्यापर्यंत पोचत होता. गेल्या वर्षीची मिठी आठवली, तोही बाद. मग आखूड दांडीचा, मध्यम तारेचा, पोट रुंद असलेला एक निघाला. बादली टांगली, हूं की चूं नाही. टोक तिने अंगठ्याच्या नखावर हलकेच टेकवलं. बोथट टोक नखावरून घसरतं, धारदार तिथेच चावतं. ते चावलं. मागच्यासाठी तोच गळ एक नंबर लहान घेतला, कारण शेपटी जड झाली की चाल जाते. गळ ज्यांत अडकवतात त्या माझ्या अंगावरच्या जुन्या कड्याही फेकल्या. गळ नवे आणि कडी गंजकी, म्हणजे नव्या दाराला मोडकं कुलूप.

मला बादलीत सोडलं. पाणी हळूच वर आलं आणि रेघेला टेकलं. रेघेच्या ना वर, ना खाली. बारकीने बोटाने एक टिचकी दिली, आणि मी डावीकडे वळले. मी! दोन वर्षांनी!

दुकानदार आपल्या गल्ल्यावरून उठून पायरीवर येऊन बसला होता. म्हणाला, "आणखी एकदा दे टिचकी."

तिसरी पहाट. तलाव काचेसारखा. मुकादम या वेळी तिच्याच होडीत बसला, बापाच्या होडीत, तोंड फिरवून. बारकीने वल्हं ठेवलं, काठी घेतली आणि मला बुडालेल्या खोडाच्या पलीकडे फेकलं. मी चालले. डावी, उजवी, डावी, उजवी. लाटेची एक नाजूक रांगोळी माझ्या मागे.

पहिल्यांदा मासा आला आणि चुकला. पाणी उसळलं, मी हवेत. दुसऱ्या कोणी घाबरून मला ओढलं असतं. बारकीने हात थांबवला. मला जागेवर राहू दिलं. एक श्वास. मग अगदी हलका झटका.

आणि पाणी फुटलं.

मी अंधारात गेले, पण दोन्ही गळांनी घट्ट धरलं होतं. मासा वेलींत घुसला, काठीचा तंगूस-दोरा किंचाळला, काठी कमान झाली. माशाने उडी मारली, मान झटकली, तेच जे पहिल्या वर्षी केलं होतं. मी वाट बघत होते मोडण्याची. काही मोडलं नाही. वाकलं नाही. बारकी दात खाऊन म्हणत होती, "ये, ये, बाबा, ये," माशाला म्हणत होती की कोणाला, मला माहीत नाही.

जाळीत घेतला. फळीवर ठेवला. शेपटी तांबड्या रेघेला लागली नाही. रेघेच्या पलीकडे चार बोटं गेली.

मुकादमाने फळीकडे पाहिलं, पुन्हा पाहिलं, डोळे पुसून पाहिलं. बारकीने पक्कडीने गळ सोडवले, मासा दोन्ही हातांनी पाण्यात धरला, त्याच्या कल्ल्यांत दम आला तसा सोडला. गेला तो शेपटीने मुकादमाच्या तोंडावर पाणी मारून.

परत येताना मुकादमाने तोंड पुसलं. धक्का जवळ आल्यावर हळूच म्हणाला, "बाई, हे गळ कुठे घेतलेस?"

बारके नाही. बाई.

"तुमच्या शेजारच्याच दुकानात," ती म्हणाली. "पण बादली माझी आहे. हवी तर देईन."

पितळेचा बिल्ला त्याने कचेरीत सगळ्यांसमोर तिला दिला. म्हाताऱ्याचाच होता, मागे टाचणीचा वाकडेपणा तोच. नवरा मागे उभा होता. त्या दिवशी तो दोन शब्द बोलला : "बघितलं का!"

आता मी थकले आहे. अंगभर दातांच्या खुणा, रंग जाईल तिथून गेलेला. नवा रंग बारकी देत नाही, रेघ झाकेल म्हणून. गळ मात्र चौथ्यांदा बदलले, आणि दर वेळी आधी बादली. मुकादमाच्या मासोळ्याही हल्ली तिच्याच बादलीत अंघोळ करतात, तो मात्र हे कोणाला सांगत नाही. तुम्हीही सांगू नका.

तुम्हाला एवढंच सांगते : मला नटवू नका, माझे गळ बघा. घाबरून जाड घेऊ नका, जीव जडला म्हणून गंजके ठेवू नका. मला पाण्यात सोडा आणि विचारा, मी तरंगत सांगेन.

चला, वल्ह्यांचा आवाज आला. गिऱ्हाईक होडीत बसलंय आणि विचारतंय, "बाई, नावाडी कुठे आहे?"

आता बघा ती त्याला काय उत्तर देते. मला निघायला हवं.