डाव्या पायाला हलकं, उजव्याला जड

उजवा

गेल्या हिवाळ्यात माझ्या उजव्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, स्कीवर जा, डोंगरही चढा. पण हा गुडघा पुन्हा असाच पिळवटला तर पुढचं मला विचारू नका.

म्हणून स्कीवर बूट अडकवायला जड बाइंडिंग. बूट स्कीला धरून ठेवतं, पण पाय पिळवटायला लागला की सोडून देतं. किती जोर आल्यावर सोडायचं, ते स्क्रू फिरवून ठरवता येतं. सुटलेली स्की घसरत जाऊ नये म्हणून ब्रेकही असतो.

डावा

हलकं बाइंडिंग. पुढे दोन दात, मागे दोन दात, संपलं. चढताना पाऊल उचललं की पायात काही आहे असं वाटतच नाही. सोडायचं की नाही हे मात्र त्याच्या मर्जीवर.

माझ्या दोस्ताकडे, अल्बानकडे हेच आहे. आमच्या खोऱ्यात सगळ्यांकडे हेच.

दर रविवारी आम्ही पायात स्की घालूनच डोंगर चढतो आणि मग घसरत उतरतो. आमच्यात शेवटचा माणूस शिखरावर पोचेपर्यंत कुणी कुणाशी हात मिळवत नाही, कुणी पाव-मांसाची पुडी सोडत नाही. सगळे वाऱ्यात उभे राहतात. बोलत कुणीच नाही, आणि तेच बोचतं. पोस्टातला क्विरिन असा मागे पडायला लागला. एक हिवाळा सगळे त्याच्यासाठी थांबले. पुढच्या हिवाळ्यात रविवारी त्याची पाठ दुखायला लागली. आता तो रविवारी लाकडं फोडतो. पाठ बरी आहे.

स्वयंपाकघर

“जड घे,” बुर्गा म्हणाली. बुर्गा माझी बायको.

“मागे पडेन.”

“पड की.”

“तुला नाही कळायचं.”

“कळतं रे, वेंडेलिन. पाय मोडला तर चालेल, पण मागे पडायचं नाही. दोन महिने जिना चढून कॉफी कुणी आणून दिली? अल्बानने?”

मी बूट चढवून बाहेर पडलो.

दोन्ही

दुखऱ्या पायाला जड, धडधाकट पायाला हलकं. मला ही युक्ती फार हुशारीची वाटली.

स्कीच्या दुकानदाराने ड्रिल खाली ठेवलं. “असलं काम मी करणार नाही.”

अल्बान सुतार आहे. त्याने भोकं पाडून दिली. स्क्रू घट्ट करताना हसत होता. “लेका, तू आता एका जागी गोल गोल फिरणार.”

“तू तुझं बघ.”

वर

गोल फिरलो नाही. पण डावा पाय सुटा चालायचा आणि उजवा त्याच्या मागे ओढत यायचा, जसं एखादं मूल बाजारात हात धरून ओढत न्यावं. अर्ध्या वाटेवर डाव्यालाही उजव्याच्या चालीने चालावं लागलं. हलकं बाइंडिंग असून काही उपयोग नाही, हे मला तिथेच कळायला हवं होतं.

शेवटी पोचलो. सगळे उभे होते. एकेकाचा हात हातात घेतला. माझा घामाने गरम, त्यांचे लाकडासारखे गार. अल्बान म्हणाला, “आम्हीही आत्ताच आलो.”

त्याच्या मिशीत बर्फ धरला होता.

खाली

हलक्या बाइंडिंगचा पुढचा खटका चढताना वर ओढून ठेवतात, बूट निसटू नये म्हणून. उतरण्याआधी तो खाली करायचा असतो, नाहीतर बाइंडिंग सुटतच नाही. आमच्याकडे तो उतरतानाही वरच राहतो. ब्रेक नसलेली स्की सुटली तर थेट ओढ्यात जाते, आणि स्की हरवून पायी गावात शिरलेला माणूस जन्मभर ऐकून घेतो.

मीही तो वरच ठेवला.

बर्फाचा वरचा कडक थर फुटला, दोन्ही स्कींची टोकं आत रुतली आणि मी पडलो. उजवं बाइंडिंग लगेच सुटलं. स्की हातभर अंतरावर ब्रेक रोवून शांत पडली. डावं सुटलं नाही. त्या स्कीने पाय मागे वळवला आणि तसाच धरून ठेवला. धडधाकट गुडघा आतून ताणला गेला.

अल्बान खाली आला. काठीच्या टोकाने खटका दाबला. बूट मोकळा झाला.

“हलव.”

हलवला. दुखलं, पण हलला.

मग त्याने स्वतःच्या बाइंडिंगकडे पाहिलं. तिथले दोन्ही खटके वर होते.

“डावंही जड बसव,” तो म्हणाला.

“मग तुम्हाला आणखी थांबावं लागेल.”

त्याने माझी सुटलेली स्की आणून दिली. मला क्विरिन आठवला.

पुढे

डाव्याची सूज उतरल्यावर एका रविवारी, रात्रभर बर्फ पडून गेल्यावर, मी बाकीच्यांच्या आधी निघालो. दोन्ही पायांना जड. पुढे कुणाचाच माग नव्हता, तो मलाच पाडायचा होता. सरळ चढ गुडघ्यांना झेपेना, म्हणून लांब लांब नागमोडी वळणं घेत गेलो.

जंगल संपलं तिथे खालून आवाज आला.

“वेंड्या! ही काय वाट आहे? गाभण गाईंसाठी काढलीस का?”

“नको असेल तर सरळ जा. मी काय तुझा हात धरलाय?”

अल्बान खरंच माग सोडून सरळ चढावर गेला. दहा-वीस पावलं ऐकू आली, मग शिवी, मग मांडीभर बर्फातून पाय उपसल्याचा आवाज. मग माझ्या मागावर, माझ्या मागे, त्याच्या स्कीची एकसारखी खसखस. बाकीचेही त्याच्या मागे आले असावेत.

मी वळून पाहिलं नाही. पुढचं वळण आणखी थोडं पसरट घेतलं.