वाळूत काढलेला वॉर्ड

मर्टल सुईला भिऊन हॉस्पिटलातून पळाली, असं वाळवंटातल्या त्या सगळ्या आदिवासी वस्तीत झालं होतं, आणि मर्टलने ते होऊ दिलं होतं. जिने उभा जन्म घोरपडी शेपटीला धरून आपटल्या, ती म्हणे सुईला भ्याली. पण खरं सांगण्यापेक्षा भित्री म्हणवून घेणं परवडलं.

आता छातीतला कफ इतका वाढला की बायकांच्या गाण्यात तिची ओळ पुरी होईना. जुनी गाणी तिलाच येत. ती मध्येच थांबली की बाकीच्या जमिनीकडे बघत बसत. डॉक्टरने बजावलं, शहरात जाऊन फुप्फुसं साफ करून घेतली नाहीत तर येता हिवाळा अवघड आहे. विमान गुरुवारी. मर्टल म्हणाली, नाही जात.

म्हणून शहरातून ब्रॉनविन आली. नर्स, गोरी, उन्हाने नाक सोललेलं. तिने दवाखान्याच्या टेबलावर लांबच लांब कागद पसरला. घरापासून हॉस्पिटलापर्यंत आणि परत असा पेशंटचा रस्ता त्यावर काढायचा, कुठे अडलं ते पेशंटच्याच तोंडून ऐकायचं, आणि तिकडच्या लोकांना दाखवून दुरुस्त करून घ्यायचं, असं तिचं काम. सांगायला-समजवायला दवाखान्यातली लॉर्ना होतीच. लॉर्ना मर्टलच्या बहिणीची लेक. बहिणीची लेक ती लेकच, म्हणून ती मर्टलला आईच म्हणायची.

"हा वॉर्ड," ब्रॉनविन म्हणाली. "इथे काय झालं?"

मर्टल पंख्याकडे बघत राहिली.

"सांग ना आई."

"जेवण वाईट होतं."

दारात टेकलेली तिची धाकटी बहीण आयव्ही फिस्सकन हसली. "जेवणासाठी पळालीस? तू तर लॉर्नाच्या हातचंही खातेस."

"गप गं. सुईला भ्याले मी. लिही पोरी, आणि सुटू दे मला."

ब्रॉनविनने लिहिलं नाही. "सुई तर तुमच्या हातात आधीच टोचलेली होती," ती म्हणाली. "ती तुम्ही स्वतःच उपसून काढलीत."

मर्टलच्या कानाच्या पाळ्या तापल्या. शेवटी ती गुडघ्यावर हात देऊन उठली. "बाहेर चला. टेबलापाशी बसून माझ्याने बोलवत नाही."

झाडाखाली चौघी बसल्या. मर्टलने तळव्याने लाल वाळू सारखी केली आणि वाकडी तार घेऊन काढायला लागली, तिची आई काढायची तशी. दोन खाटा. मध्ये पडद्याची रेघ. एका खाटेवर अर्धगोल, म्हणजे बसलेली बाई. दुसऱ्या खाटेवर अर्धगोल आणि शेजारी भाला, म्हणजे पुरुष. मग तिने आपला अर्धगोल पुसला आणि त्या पुरुषाकडे पाठ करून पुन्हा काढला.

आयव्हीने चेष्टेसाठी उघडलेलं तोंड मिटलं. लॉर्नाची मान खाली गेली.

"हे कोण?" ब्रॉनविनने विचारलं.

मर्टल तार वाळूवर टकटक आपटत राहिली. मग लॉर्ना म्हणाली, "जावई."

"मुलीचा नवरा?"

"मुलीचा नाही. लांबच्या वस्तीतला एक, तेव्हा तोही त्याच हॉस्पिटलात होता. पण नात्याने जावईच लागतो. आमच्यात सासूने आणि जावयाने एकमेकांचं तोंड बघायचं नसतं, नावही घ्यायचं नसतं. तो इकडून आला की ही तिकडून वळणार. मान राखायचा असतो."

"मध्ये पडदा होता पण," ब्रॉनविन हळूच म्हणाली.

"पडदा खोकला अडवतो?" मर्टल वाळूकडे बघतच बोलली. "आणि तो तरी कुठे राहू दिला? व्यायाम शिकवणारी पोर आली, हसरी. म्हणाली, तुम्हा दोघांना एकदमच शिकवते. सर्रकन ओढला पडदा. पुढे वाका, छाती थोपटा, खोका, कपात थुंका, दाखवा मला. माझा तो हॉस्पिटलचा झगा मागून उघडा."

तिने तोंडावरून हात फिरवला.

"त्याने भिंतीकडे तोंड केलं. खोकला दाबून धरला त्याने, माझ्यासाठी. मी बघितलं नाही, ऐकत होते. श्वास नुसता घुसमटत होता त्याचा. पोर म्हणतेय, जोरात खोका, जोरात. मी उठले तर तो खोकेल, एवढंच सुचलं. म्हणून सुई काढली."

"मग कुणाला सांगायचं तरी," ब्रॉनविन म्हणाली.

"काय सांगू? त्याचं नाव घेऊन?"

आयव्ही बोटाने वाळू उकरत होती. "आणि मी दोन हिवाळे तुला भित्री म्हणत आले."

"म्हणत जा. बरं होतं ते."

बोलून झालं तशी मर्टलने हाताने वाळू पुसून टाकली. सांगून झालं की पुसायचंच असतं, कुणाचा पाय पडू नये. ब्रॉनविन लालेलाल झाली.

"मी... मी अजून उतरवलं नव्हतं. ऐकतच राहिले. हे कागदावर गेलं नाही तर गुरुवारी पुन्हा तसाच वॉर्ड मिळेल. नुसतं माझ्या तोंडाने सांगितलं तर ऐकत नाहीत."

"कोण बघणार तो कागद?"

"खाटा देणारे. नर्सा. डॉक्टर."

"पुरुषसुद्धा?"

"पुरुषसुद्धा."

मर्टलला वाटलं, त्यापेक्षा डॉक्टर म्हणाला तो हिवाळा आलेला बरा. झगा परत मागून उघडा पडल्यासारखं झालं तिला. तिने विचारलं, "तो राहिला का गं तिथे? बरा झाला?"

ब्रॉनविन म्हणाली, दुसऱ्या पेशंटबद्दल तिला नियमाने बोलता येत नाही.

"नाही राहिला, आई," लॉर्ना म्हणाली. "फुटबॉलच्या सामन्यांना त्यांच्याकडची माणसं आली होती, ती बोलत होती. तोही त्याच दिवशी निघून गेला. दारूसाठी पळाला म्हणतात. विचारलं तर गप्प बसतो. खूप खोकतो म्हणे."

म्हणजे तिचं उठणं फुकटच गेलं होतं. आणि तिच्या तोंड मिटून बसण्याने तिकडे एका भल्या माणसाला दारुड्या ठरवलं होतं. मर्टल बोलायला गेली तर खोकलाच आला, चांगला लांबलचक, आणि या खेपेस तिने तो दाबला नाही. जवळच्या डब्यात थुंकली, तोंड पुसलं.

"जवळ सरक," ती ब्रॉनविनला म्हणाली. "कागद घे मांडीवर. आणि रडायचं असलं तर नंतर रड, डोळ्यांत पाणी असलं की दिसत नाही नीट. आणखी एकदा नाही काढणार मी."

तिने वाळू पुन्हा सारखी केली. आधी त्याची खाट काढली, असायला हवी होती तशी, वेगळ्या खोलीत. मग बायकांची खोली काढायला घेतली, तेव्हा तिचा मान राखायला आयव्हीने तोंड दुसरीकडे वळवलं, आणि बहिणीचं होईपर्यंत वळवूनच बसली.