कांबळ्याचा कोपरा

डोळे मिटा बरं. पूर्ण मिटा, बारीक फट ठेवून बघणारे मला लगेच कळतात. आता एक खोली डोळ्यांपुढं आणा. तिला एकही खिडकी नाही. भिंतीला लागून लोखंडी कपाटं, कपाटांत लांबरुंद उथळ खण. एका खणात पिसांच्या टोप्या, दुसऱ्यात चामड्याच्या बाहुल्या, तिसऱ्यात लोकरीची कांबळी. हे सगळं कुणाकुणाच्या घरातलं. कुणी ती टोपी घालून मिरवलं असेल, कुणी त्या बाहुलीचे केस उपटले असतील. ती माणसं गेली, वस्तू मागं राहिल्या आणि एका विद्यापीठाच्या संग्रहालयानं त्या सांभाळायला घेतल्या. उघडा आता डोळे.

या खोलीची जबाबदारी एका बाईंवर होती. विद्यार्थी त्यांना पाठीमागं ‘कसरबाई’ म्हणत. कसर म्हणजे लोकरीत, पिसांत शिरून ती खाणारी बारीक कीड. बाईंना ती जिथं तिथं दिसे. डबा बाहेर ठेवा, फुलं बाहेर ठेवा, मफलर बाहेर ठेवा. एका प्राध्यापकांना त्यांनी लोकरीचा कोट काढायला लावला होता, आणि ते बिचारे आत कुडकुडत विद्यार्थ्यांना टोप्या समजावत राहिले. “एक दिवस या बाई आपल्यालाही पिशवीत घालून फ्रीझरमध्ये ठेवतील,” असं पोरं म्हणत. बाईंच्या कानावर ते आलं होतं. “ठेवीनही,” त्या म्हणाल्या होत्या. “दोन आठवड्यांत निर्मळ होऊन बाहेर याल.”

थट्टेतली गोष्ट खरी होती. बाहेरून आलेली वस्तू आधी शेजारच्या छोट्या खोलीत उतरायची. तिथं तिला प्लास्टिकच्या पिशवीत बंद करून मोठ्या फ्रीझरमध्ये दोन आठवडे ठेवायचं. अंडी, अळ्या, जे काही तिच्यात लपून आलं असेल ते गारठून मरतं. मगच तिला आतल्या खोलीत जागा. हा नियम बाईंनी कधी मोडला नव्हता. एकदा सोडून.

त्याचं असं झालं. गेल्या हिवाळ्यात दूरच्या डोंगरातून एक आजी आल्या होत्या, भाच्याला सोबत घेऊन. आजींचा जन्म कांबळी विणण्यात गेला होता. त्यांच्या आजीनं विणलेलं एक मोठं कांबळं या संग्रहालयात होतं, आणि त्याच्या काठाची वीण आता कुणालाच येत नव्हती. कोपऱ्यात काळा आणि तांबडा रंग एकमेकांत असे वळत की पुढं जोड दिसत नाही आणि मागं गाठ लागत नाही. आजींनी कितीदा तरी करून पाहिलं. कोपरा आला की भोक तरी पडे, नाहीतर गाठ तरी राही.

“बोटभर उसवू द्या,” आजी म्हणाल्या होत्या. “आत काय केलंय तेवढं बघते. होतं तसं पुन्हा करून देईन.”

“आजी, एक धागासुद्धा नाही. इथं वस्तू सांभाळायच्या असतात, उसवायच्या नसतात.”

“सांभाळून करायचं काय, कुणाला येतच नसेल तर?”

बाईंनी खण आत ढकलून दिला होता. निघताना आजींनी पिशवीतून एक छोटं कांबळं काढलं. त्यांच्या लहानपणचं, पांघरून पांघरून मऊ झालेलं. “तुम्ही मला काही देत नाही, पण माझं हे घ्या. आजीच्या कांबळ्याशेजारी ठेवा. आत्ताच, माझ्या डोळ्यांदेखत. मी पुन्हा येईन न येईन.”

डोळ्यांदेखत म्हणजे फ्रीझरशिवाय. बाईंना ते कळत होतं. पण एकदा नाही म्हणून झालं होतं, आणि दुसऱ्यांदा नाही म्हणायला जीभ रेटेना. त्यांनी खण ओढला आणि छोटं कांबळं मोठ्याला लगटून ठेवलं. उद्या काढून गारठवायला ठेवू, असं मनाशी ठरवलं. उद्या परीक्षा होत्या. परवा पाहुणे होते. मग उद्या उद्या करता तो खणच डोक्यातून गेला. आपल्याला नाही का होत असं? दप्तरातलं केळं आठवा.

आता आजच्या सकाळकडं या. आजी पुन्हा यायच्या होत्या. भाच्यानं फोनवर सांगितलं होतं, मावशीचे डोळे अर्धे गेलेत, हात कापतात, शेवटचं एकदा तिला कांबळं बघू द्या. म्हणून बाईंनी सकाळी खण ओढला.

खणाच्या तळाशी भुसा सांडावा तशी पूड पडली होती. त्यात अळ्यांनी टाकलेल्या काती. छोट्या कांबळ्याची चाळण झाली होती. आणि मोठ्या कांबळ्याचा तोच कोपरा, काळ्यातांबड्या विणीचा, लोकर जाऊन नुसत्या पांढऱ्या दोऱ्यांचा उरला होता.

बाई फरशीवर बसल्या. मग उठून त्यांनी खालचा खण ओढला. तिथंही एक कात. त्याखाली पिसांच्या टोप्या होत्या. तो खण ओढायला त्यांचा हात पुढं होईना.

विभागप्रमुख सर आले, त्यांनी पाहिलं, चष्मा पुसून पुन्हा पाहिलं. “दुसऱ्या कुणी केलं असतं तर समजलो असतो,” ते म्हणाले. “पण तुम्ही?”

“मीच.”

“बरं. त्या आजींना दिसत नाही म्हणता ना नीट? मग दुसरं एखादं कांबळं पुढं करा. काळंतांबडं पुष्कळ आहे आपल्याकडं. दहा मिनिटं हात फिरवतील, समाधानानं जातील.”

“सर…”

“तुमच्या नोकरीसाठीच सांगतोय. आणि ही गोष्ट बाहेर गेली तर उद्या जो तो येऊन म्हणेल, आमच्या वस्तू परत द्या.”

“बरोबरच म्हणेल,” बाई पुटपुटल्या. पण सर निघून गेले होते.

बाईंची लेक आज शाळेला सुट्टी म्हणून सोबत आली होती. पायाला कधी स्वस्थता नाही, म्हणून तिला भिंगरी म्हणत. ती छोट्या खोलीत टेबलाशी बसून वस्तूंना चिठ्ठ्या बांधायची पांढरी सुती नाडी गुंडाळत होती. आई पिशवीत बंद केलेलं मोठं कांबळं घेऊन आली, तेव्हा तिनं वर पाहिलं.

“आई, त्या आजींना खरं सांगितलंस तर त्या रडतील?”

“रडतील.”

“आणि खोटं सांगितलंस तर?”

“तर हसत हसत घरी जातील.” आईनं कांबळं टेबलावर ठेवलं. “आणि तेच मला सोसायचं नाही.”

तरीही बाई आतल्या खोलीत गेल्या. दुसऱ्या कपाटासमोर उभ्या राहिल्या, त्याच्या दाराच्या मुठीवर हात ठेवला. आत तसंच एक कांबळं होतं, धडधाकट. किती सोपं होतं. बाहेर गाडीचं दार वाजलं, आजींची काठी टेकत येऊ लागली, आणि बाई तशाच रिकाम्या हातांनी परत आल्या.

आजी खुर्चीत बसल्या, दम खाल्ला. “आणा. कुठाय ते?”

“आजी, कांबळ्याला कसर लागलीय.” बाई म्हणाल्या. “कोपरा गेला. चूक माझी आहे.”

भाचा दाराशी होता, तो पुढं आला. “चूक म्हणजे काय?”

बाईंनी सांगितलं. छोटं कांबळं, न गारठवता ठेवलेलं, विसरलेलं. सगळं.

आजींनी काठी बाजूला ठेवली. मग म्हणाल्या, “म्हणजे माझ्या कांबळ्यातूनच आली.”

“तुमचा काही दोष नाही. ते बघणं माझं काम होतं.”

“आपलेच दात नि आपलेच ओठ,” आजी म्हणाल्या.

“चल मावशी,” भाचा म्हणाला. “घरी ठेवलं तर उंदीर खातील म्हणे. म्हणून इथं ठेवायचं. यांनी तर किड्यांना आमंत्रण देऊन जेवायला बसवलं.”

“थांब रे.” आजींनी तोंड बाईंच्या आवाजाच्या दिशेला वळवलं. “मला एक धागा उसवू दिला नाहीत. त्यांना अख्खा कोपरा दिलात.”

बाईंनी पिशवी दोन्ही हातांनी जवळ ओढली.

“काढा बाहेर. मेलेल्या माणसाचंसुद्धा तोंड बघतात.”

पिशवी उघडली. आजींचा तळवा लोकरीवरून सरकत गेला आणि जिथं लोकर संपली तिथं थबकला. “हे काय राहिलंय?”

“ताण्याचे दोरे. उभे. ते सुती आहेत, आणि ही कीड लोकरच खाते.”

आजींचं बोट दोऱ्यांवर थरथरत होतं. एकदा गेलं, परत आलं. “सरळ नाहीत हे.”

“जुने आहेत, सरकले असतील.”

“सरकले नाहीत, बाई. एकमेकांना ओलांडलेत.” आजी खुर्चीतून अर्ध्या उठल्या. “मी जन्मभर लोकरीत शोधत होते. माझ्या आजीनं दोरेच फिरवलेत. कोण कुणावरून गेलाय? सांगा ना कुणी. मला दिसत नाही, आणि बोट काही थांबत नाही.”

भाच्याचा चष्मा गाडीत राहिला होता. बाई वाकल्या, पण डोळ्यांत पाणी, समोर नुसतं पांढरं धुकं. तेवढ्यात टेबलापलीकडून आवाज आला.

“काळ्याच्या कडेचा दोरा दोघांच्या खालून तांबड्याकडं जातो.”

“कोण बोलतंय?”

“मी. भिंगरी.”

“भिंगरे, हळू. हात लावू नकोस, नुसतं बघ. पुन्हा सांग.”

भिंगरी हनुवटी टेबलाला टेकवून सांगू लागली. दोघांच्या खालून, मग एकाच्या वरून. तांबड्याकडचा पहिला दोरा तिथं त्याला भेटतो, आणि दोघं जागा बदलतात. आजी प्रत्येक शब्दाला हुंकार देत होत्या. मग भिंगरी थांबली.

“पुढं?”

“पुढं दिसत नाही. तिथं अजून लोकर आहे.”

त्या उरलेल्या लोकरीवर एक अळी संथपणे चालली होती. सर दारात येऊन उभे राहिले होते, कधी आले कळलं नव्हतं. “बाई,” ते हळू आवाजात म्हणाले, “ते फ्रीझरमध्ये टाका. आता खोळंबून चालणार नाही.”

आजींनी उसवू द्या म्हटलं नाही. ते मागण्याची उमेद त्यांच्यात उरली नव्हती, आणि ते देऊ करण्याचा हक्क बाईंकडं उरला नव्हता. बाईंनी पिशवी बंद केली, कांबळं फ्रीझरमध्ये ठेवलं आणि झाकण लावलं. दोन आठवड्यांनी त्यातलं काय टिकेल, आणि तोवर आपण इथं असू की नसू, त्यांना काहीच सांगता आलं नसतं. आतले सगळे खण अजून तपासायचे होते. त्या झाकणावर हात टेकून नुसत्या उभ्या राहिल्या.

“अर्धी वीण,” आजी स्वतःशीच म्हणाल्या. “अर्ध्या विणीला भोकच पडतं.”

“मावशी, निघायला हवं. रस्ता लांबचा आहे.”

आजींनी काठी शोधायला हात लांबवला. काठी सापडायच्या आत भिंगरीनं नाडीचे लांब तुकडे तोडले, रिकाम्या खुर्चीच्या पाठीला शेजारी शेजारी बांधले, आणि ती खुर्ची ओढत आजींच्या गुडघ्यांना भिडवली. मग एक दोरा दोघांच्या खालून घेतला, एकाच्या वरून, आणि शेजाऱ्याशी जागा बदलली. तिनं पाहिलं होतं तिथवर आल्यावर सगळी टोकं आजींच्या मुठीत दिली.

आजींची बोटं कापत पुढं गेली, आणि मध्ये भोक पडलं. भिंगरीनं ते सगळं सोडवलं, आणि पहिल्या दोऱ्यापासून पुन्हा ओलांडायला घेतलं.