दादाने भरलेलं पाणी

वकीलबाईंचा नियम साधा होता. एका खेपेला एकच प्रश्न. दुसरा असेल तर उद्या यायचं आणि पुन्हा रांगेत बसायचं.

“लोक पोतंभर प्रश्न घेऊन येतात,” त्या म्हणत. “त्यांतला एक खरा असतो, बाकीची त्याची पिल्लं. आईला धरून आणा, पिल्लं आपोआप मागे येतील.”

त्यामुळे त्यांच्या बाहेरच्या खोलीत कुणी नुसतं वाट बघत बसत नसे. टायरच्या दुकानावरची ती लांबट खोली, खालून येणारा रबराचा वास, भिंतीलगतची बाकं आणि बाकांवर आपापले प्रश्न पाखडत बसलेली माणसं. ओळख नसली तरी लोक एकमेकांना मदत करत. हा नको विचारू, त्याचं उत्तर मला ठाऊक आहे, तो दुसरा विचार.

त्यांच्यातच ती आपल्या काकाशेजारी बसली होती. बाबा गेल्यापासून तिला सगळं थोडं लांबून ऐकू यायचं, डोकं पाण्याखाली असावं तसं. बाकांवरचे आवाज तिच्यापर्यंत माणसांना मागे ठेवून पोचत होते. नवऱ्याने कर्ज काढलंय, माझी सही नाही, तरी घरातलं कपाट उचलून नेतील का. मुलाच्या नावावर घर केलं, आता तो ओळख दाखवत नाही, घर परत मागता येतं का. भागीदार कामाला येत नाही पण नफ्याच्या दिवशी न चुकता येतो, त्याला काढायचं कसं. खिडकीतून येणारं ऊन फरशीवर सरकत होतं आणि प्रश्न त्या उन्हातून धुळीसारखे वर जात होते.

“मी मेव्हण्याला जामीन राहिलो,” समोरचा म्हातारा शिंपी कपाटवाल्या बाईला सांगत होता. “जामीन म्हणजे काय, उडी त्याने मारायची आणि पाय आपला मोडायचा.”

“मग तुमचा प्रश्न काय?”

“प्रश्न केव्हाच संपला. आता मी फक्त ऐकायला येतो. बाईंना सुट्टी हवी असली तर खुर्चीवर मलाच बसवतील.”

कपाटवाली बाई हसली. काका हसला नाही. तो गुडघ्यांवर हात ठेवून बसला होता. थंड पाण्यात राहून राहून सुरकुतलेले, पांढुरके हात.

काका आणि बाबा, दोघा भावांचा बर्फाचा कारखाना होता. बाहेरची बाजू बाबांची, आतली काकाची. बाबा रस्त्याकडच्या खिडकीत खुर्ची टाकून बसत, मासळीवाल्यांशी, सरबतवाल्यांशी, इस्पितळाच्या माणसांशी बोलत, भाव ठरवत, थट्टा करत. काका आत, कॉम्प्रेसरच्या घरघरीत, खाऱ्या पाण्याच्या टाकीवर वाकलेला. टाकीत पत्र्याचे उंच डबे ओळीने बुडवलेले, डब्यांत गोडं पाणी, आणि ते पाणी कडेकडून आत गोठत जायचं. लादी तयार झाली की डबा साध्या पाण्यात बुडवायचा, म्हणजे ती सुटून अलगद बाहेर घसरते. “माझ्या भावाच्या तोंडून शब्द काढायचा तर तसाच काढावा लागतो,” बाबा गिऱ्हाइकांना सांगत. “आधी कोमट पाण्यात बुडवा.”

काकाने उभ्या आयुष्यात खिडकीतून गिऱ्हाइकाला साधं ‘या’ म्हटलं नव्हतं. बाबा एखाद्या दिवशी आजारी पडले, तर तो खिडकी लावून घ्यायचा आणि लोक दाराशी हाका मारून दमून जायचे.

आता बाबांचा अर्धा हिस्सा तिच्याकडे आला होता. ती एकुलती एक. दूरच्या शहरात वाचनालयात नोकरी, भाड्याची खोली, खोलीत पुस्तकंच पुस्तकं. कारखान्यातल्या माणसांत तिचं नाव लहानपणापासून शहाणी. तिने हिस्सा मागितला तर यंत्र विकावं लागणार आणि काका उघड्यावर येणार. नाही मागितला आणि इथेच राहिली, तर बाबांच्या खुर्चीत बसून तिचं आयुष्य जाणार. ती दोन्ही टाळू पाहत होती. तिने प्रश्न घरी घोटून घोटून तयार केला होता: हिस्सा न काढता मला जाता येईल का? काकाला म्हणाली होती, “मीच विचारते, तू फक्त बस.” काकाने मान हलवली होती. काकाच्या मान हलवण्याचा अर्थ काहीही होऊ शकतो, हे ती विसरली होती.

आत वकीलबाई चष्मा पुसत होत्या. टेबल मोकळं, एक पेला पाणी, बस्स.

“विचारा.”

तिने तोंड उघडलं, पण आवाज काकाचा आला.

“दादाने भरलेलं पाणी,” तो म्हणाला, आणि थांबला.

तिने त्याच्याकडे पाहिलं. परक्या माणसासमोर काका बोलतो आहे, हेच तिला कुणा दुसऱ्याच्या स्वप्नात घडल्यासारखं वाटलं.

“पुढे?” बाई म्हणाल्या. त्यांनी चष्मा परत पुसायला घेतला, म्हणजे त्याच्याकडे बघावं लागू नये.

“सकाळी आल्यावर दादा शेवटची ओळ स्वतः भरायचा. नळी धरून. मी भरली तर डबे काठोकाठ भरतात म्हणायचा. बर्फ फुगतो, थोडी जागा ठेवावी लागते.” काकाने एक श्वास घेतला. “त्या दिवशीही भरली. मग खिडकीत जाऊन बसला. दुपारी गेला.”

“खुर्चीतच?”

“खुर्चीतच. ही लांब राहते. हिला यायला दोन दिवस लागले. तोवर त्याला ठेवायचं होतं. दुसऱ्या दिवशी ती ओळ निघाली. त्याच्याखाली त्याच लाद्या लावल्या मी. पण सगळ्या लागल्या नाहीत. उरलेल्या कोठीत आहेत, भुशात. लोक मागतात, मी देत नाही. माल आहे, पण देत नाही. त्या कुणाच्या?”

खोलीत खालच्या टायरवाल्याचा हातोडा ऐकू येत होता. तिला आठवलं, ती पोचली तेव्हा बाबांची बाही ओली होती. कुणीतरी पाणी सांडलं असेल असं तिला वाटलं होतं, आणि तिने ती बाही पिळली होती.

“भागीदारीचा कागद केला होता का?” बाईंनी विचारलं.

“नाही. दादा होता.”

“दोघंच भागीदार?”

“दोघंच.”

“मग ऐका. दोघांतला एक गेला की भागीदारी तिथेच संपते. नोटीस नको, सही नको, कुणाला सांगायला नको. तुमचे भाऊ गेले त्या क्षणी तुमची फर्म गेली. तेव्हापासून तुम्ही रोज उघडताय ते काय आहे, हे कायद्यालाही नीट सांगता येणार नाही.”

काका ऐकत होता. कारखान्यात नवीन आवाज आला की तो असाच मान वाकडी करून ऐकायचा.

“पण,” बाई म्हणाल्या, “हातात घेतलेलं काम अर्धं राहिलं असेल, तर तेवढ्यापुरती फर्म जिवंत धरतात. तेवढं पुरं करायला. पाणी दोघं असताना भरलं. गोठलं तो गेल्यावर. म्हणजे ते अर्धवट राहिलेलं काम आहे. पुरं करा. विका. पैसे दोघांचे, त्याचा वाटा हिचा.”

“आणि त्याच्याखाली लावल्या त्या?”

“हा दुसरा प्रश्न झाला,” बाई म्हणाल्या. मग चष्मा डोळ्यांवर चढवून त्यांनी काकाकडे पाहिलं. “त्या भावाने भावाला दिल्या. त्यात फर्म नाही, मी नाही, कुणी नाही.”

काकाने मान हलवली. या वेळी अर्थ कळण्यासारखा होता.

“नवीन शब्द मात्र कुणाला देऊ नका,” बाई उठता उठता म्हणाल्या. “भावाने दिलेले शब्द आहेत तेवढे पाळा. नवा दिलात, तर तो एकतर तुमचा एकट्याचा, नाहीतर तुम्ही दोघं मिळून नवं काहीतरी सुरू केलंत असं होईल. कोणतं, ते आधी ठरवा. पुढचे कोण?”

“माझा प्रश्न,” ती म्हणाली.

“उद्या.”

जिन्यावर शिंपी उभा होता, बहुतेक पाय मोकळे करायला. “तुमचा काय होता?” त्याने विचारलं. तिने सांगितला. सांगताना तिला वाटलं, घरी इतका घोटलेला प्रश्न जिन्यावर किती लहान दिसतो.

“त्यात काय,” शिंपी म्हणाला. “ठेवा हिस्सा त्यांच्याकडे. मग तो हिस्सा राहत नाही, त्यांनी तुम्हाला द्यायचं देणं होतं. होईल तसं देतील. कागद तेवढा करून घ्या. मागच्या महिन्यात एका छापखानेवालीला बाईंनी हेच सांगितलं, या कानांनी ऐकलंय.”

“तुमची फी किती?” काकाने विचारलं.

शिंपी त्याच्याकडे बघत राहिला. आज काका परक्यांशी दोनदा बोलला होता.

रस्त्यावर ऊन होतं. दोघं सावली धरून चालले.

“काका, मला परत जायचंय,” ती म्हणाली. “हिस्सा नको मला. तू चालव.”

“एकटा?”

“एकटा.”

तो चालत राहिला. चौक ओलांडल्यावर म्हणाला, “यंत्राचं काही नाही ग, शहाणे. यंत्राला कळतं. पण खिडकीत कोण बसणार?”

“तू.”

“माझ्याकडून बर्फ कोण घेणार? मी बोललो की लोकांना वाटतं भांडतोय.”

“आज कुठे वाटलं?”

“ती वकील आहे. तिला भांडणाची सवय आहे.”

तिला हसू आलं. बाबा गेल्यानंतरचं पहिलं. लगेच तिला अपराध्यासारखं वाटलं आणि मग तेही लांब गेलं.

“मग बंद करू,” काका म्हणाला. “दादाचे शब्द संपेपर्यंत चालवू. मग बंद.”

दुसऱ्या दिवशी कोठी उघडली. काकाने भुसा बाजूला सारला. लाद्या कडांना काचेसारख्या नितळ होत्या आणि मधोमध पांढऱ्या, आत कुणी श्वास सोडून गेल्यासारख्या. गडी आकडा लावून त्या दाराशी ओढत होते. मासळीवाल्याने हातगाडीवर गोणपाट अंथरलं, लाद्या रचल्या, वर पुन्हा गोणपाट टाकलं. गाडी निघाली तेव्हा मागे रस्त्यावर ओली रेघ उमटत गेली. ती दारात उभी राहून बघत होती. वळणापर्यंत रेघ होती. ती आत जाऊन हिशेबाची वही आणेपर्यंत अर्धी वाळलीही होती.

मग ती खिडकीत बसू लागली, फक्त एक वाक्य बोलायला: नवीन घेत नाही. बाबांनी शब्द दिलेली जुनी गिऱ्हाइकं येत, आपलं घेऊन जात, आणि एकेकाचा शब्द संपत जाई. इस्पितळाचा संपला. सरबतवाल्याचा संपला. टाकीतल्या ओळी कमी झाल्या. रिकामे डबे भिंतीला उपडे लावलेले, त्यांच्यावर आतल्या गारव्याचं धुकं येऊन बसायचं. कधीकधी त्या धुक्यात काका दिसेनासा व्हायचा, फक्त पाना आपटल्याचा आवाज. तिला वाटायचं, हा कारखाना तळापासून विरघळतो आहे आणि आपण वरच्या कोपऱ्यावर बसून आहोत. वाईट वाटत नव्हतं. झोप येण्यापूर्वी असतं तसं काहीतरी वाटायचं. तिची रजा संपत आली होती. मासळीवाल्याचे काही दिवस तेवढे बाकी होते.

अशा एका सकाळी खिडकीशी एक तरुण बाई आली. हातात मिटलेली छत्री, नखांत हिरवा रंग.

“बर्फ मिळेल का? रोज लागेल. पलीकडच्या गल्लीत फुलांचं दुकान टाकतेय.”

तिने वाक्य जुळवलं. नवीन घेत नाही. पण ते बाहेर पडण्याआधी मागून ओल्या बुटांचा आवाज आला. काका तिच्या खुर्चीमागे येऊन उभा राहिला होता, हात पुसायचंही विसरून.

“फुलं कसली?” त्याने विचारलं. खरंच भांडल्यासारखं.

फुलवाली दचकली. “म्हणजे... सगळी. गुलाब जास्त.”

“बर्फावर ठेवणार? थेट?”

“हो ना.”

“काळे पडतील. खाली बर्फ, मग फळी, मग फुलं. आणि लादी घेऊ नका, चुरा घ्या. लादीचा मधला पांढरा भाग लवकर जातो, तो तुमच्या गळ्यात पडेल.”

बाबांनी गिऱ्हाइकाला असं कधी सांगितलं नसतं. पांढऱ्या भागाचा त्यांनी जन्मात उल्लेख केला नव्हता. हे तिच्या लक्षात आलं आणि पाण्याखालून डोकं वर काढल्यासारखे सगळे आवाज एकदम जवळ आले: कॉम्प्रेसर, रस्ता, काकाचा घोगरा गळा. खिडकीत बाबा नव्हते. बाबांसारखंही कुणी नव्हतं. तिने डोळे पुसले नाहीत, पुसले असते तर काका गप्प झाला असता.

ती खुर्चीतून उठली. काका बसला नाही. तो खुर्चीच्या पाठीला धरून उभाच राहिला.

“चुरा रोज करून द्याल?” फुलवालीने विचारलं. आता ती काकाशीच बोलत होती. “मला कुणीतरी पक्का शब्द दिला पाहिजे हो. मालक कोण आहेत इथे?”

काकाने शहाणीकडे पाहिलं. तिने वही उचलून त्याच्या हाताशी सरकवली.

“मीच,” काका म्हणाला. मग जरा थांबून, जरा मोठ्याने, “म्हणजे, आजपासून.”